वस्तीतला खेळ कसा चालवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या वस्त्यांमध्ये मुलामुलींचे कबड्डी, खो-खो आणि फुटबॉलचे वर्ग चालवताना जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. ठाणे, पुणे, नागपूर इथूनही असेच प्रश्न येतात. कायदे राज्यभर सारखे आहेत, फक्त महापालिकेचं खातं आणि अर्जाची खिडकी बदलते. उत्तरं सुटी वाचता येतील अशी लिहिली आहेत. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्या वस्तीत मैदानच नाही. मग सुरुवात कुठून करायची?

मुंबईत सार्वजनिक मोकळी जागा माणशी जेमतेम एक चौरस मीटरच्या घरात आहे, आणि वस्त्यांमध्ये तेवढीही नाही. २०११च्या जनगणनेनुसार शहराची चाळीस टक्क्यांहून जास्त लोकसंख्या झोपडपट्टीत राहते. त्यामुळे आधी मैदान आणि मग खेळ असा क्रम धरला तर खेळ कधीच सुरू होणार नाही. जेवढी जागा आहे तेवढ्यात बसणारा खेळ घ्या.

कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटरचं असतं, महिलांचं १२ बाय ८ चं. शाळेचं छोटं पटांगण, समाजमंदिरासमोरचा चौक, दोन इमारतींमधली जागा यांत ते बसतं. लंगडीला आणि डॉजबॉलला त्याहूनही कमी जागा पुरते. एक टेप घेऊन संध्याकाळी वस्तीत फिरा आणि प्रत्येक मोकळ्या तुकड्याची लांबी-रुंदी वहीत लिहा. तिथे कोणत्या वेळी काय चालतं तेही लिहा. दुपारी रिकामी दिसणारी जागा संध्याकाळी सात वाजता रिक्षांनी भरलेली असते.

जमीन कोणाची आहे हे सुरुवातीलाच विचारून ठेवा. एकाच वस्तीत महापालिका, म्हाडा, जिल्हाधिकारी, रेल्वे आणि खासगी मालक असे सगळे असू शकतात. परवानगीचा अर्ज कोणाकडे करायचा हे त्यावरूनच ठरतं.

२. कोणता खेळ निवडावा?

वस्तीत जो खेळ कोणीतरी आधीपासून खेळतो, तो. गिरणगावात कबड्डी रुजली, कारण चाळीचाळीत खेळणारी मंडळं होती आणि पोरं मोठ्यांचं बघून शिकत होती. तुमच्या गल्लीत एखादे काका जुने खो-खोपटू असतील, तर तुमचा खेळ खो-खो. त्याला सुमारे २७ बाय १६ मीटर जागा लागते, दोन खांब लागतात, बाकी काही नाही.

फुटबॉलला चेंडू आणि बूट लागतात, पण मुलामुलींना एकत्र खेळवायला तो सोयीचा आहे. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१मध्ये ‘झोपडपट्टी फुटबॉल’ सुरू केला. पावसात मुलं फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली, तिथून तो सुरू झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या स्लम सॉकरला २०१६मध्ये फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार मिळाला.

क्रिकेटबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. मुलं क्रिकेट खेळतच असतात, त्यासाठी तुमची गरज नाही. छोट्या जागेत क्रिकेट घेतलं की सोळा-अठरा वर्षांची मुलं जागा व्यापतात, आणि मुली व लहानगे कडेला उभे राहतात.

३. महापालिकेच्या शाळेचं पटांगण संध्याकाळी मिळतं का?

मिळू शकतं, पण तोंडी परवानगीवर अवलंबून राहू नका. मुख्याध्यापक बदलले की तोंडी परवानगी संपते. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि त्याची प्रत विभाग कार्यालयातल्या शिक्षण खात्याच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांना द्या. दोन्हीकडून आवक क्रमांक घ्या. अर्जात दिवस, वेळ, मुलांची संख्या, जबाबदार माणसाचं नाव आणि ‘मोडतोड झाल्यास भरपाई आम्ही करू’ हे वाक्य असू द्या.

मुख्याध्यापकांची खरी भीती अपघाताची असते. दिवे, कुलूप आणि संडासाची स्वच्छता यांचीही त्यांना चिंता असते. त्यामुळे संडास वापरून झाल्यावर कोण धुणार, फाटक किती वाजता बंद होणार, हे त्यांनी विचारण्याआधीच तुम्ही सांगा. सुरक्षारक्षकाशी ओळख ठेवा, कारण रोजचं फाटक तोच उघडतो. त्याच शाळेतली मुलं तुमच्याकडे येत असतील तर त्यांच्या वर्गशिक्षकांना एकदा सराव बघायला बोलवा. पुढच्या वर्षीच्या परवानगीला त्याचा उपयोग होतो.

४. जागा विकास आराखड्यात मैदानासाठी आरक्षित आहे म्हणतात, पण तिथे टेम्पो उभे राहतात. काय करता येईल?

आधी खात्री करा. महापालिकेकडून त्या भूखंडाचा विकास आराखड्याचा अभिप्राय घ्या. लोक त्याला ‘डीपी रिमार्क’ म्हणतात. त्यात आरक्षण कशाचं आहे ते लिहिलेलं असतं. जागा ताब्यात आली आहे का, तिच्यावर खर्च झाला आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाचं शुल्क १० रुपये आहे आणि उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं.

गाड्या उभ्या राहत असतील तर मालकांशी बोलून वेळ वाटून घेणं जमतं. संध्याकाळी पाच ते सात जागा मोकळी, त्यानंतर गाड्या. अनेक ठिकाणी एवढ्यावर काम भागतं.

त्या जागेवर घरं असतील तर मात्र आमचा सल्ला ठाम आहे. मैदानासाठी घरं हटवा अशी मागणी क्रीडा मंडळाने कधीही करू नये. ज्या पोरांना खेळवायचं आहे, तीच त्या घरांत राहतात. अशा वेळी दुसरी जागा शोधा आणि शाळेच्या पटांगणाचा मार्ग धरा (प्रश्न ३).

५. मंडळाची नोंदणी केलीच पाहिजे का?

मुलांना खेळवायला नोंदणी लागत नाही. बँक खातं, देणगी, खेळाच्या जिल्हा संघटनेचं सदस्यत्व, महापालिकेशी करार यांपैकी काहीही हवं असेल तर लागते. किमान सात जण मिळून १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवता येते. महाराष्ट्रात तिची १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतात.

घाई करू नका. आधी काही महिने रोज खेळ चालवून बघा. त्या काळात कोण खरोखर वेळ देतं ते कळतं, आणि तीच माणसं विश्वस्त म्हणून घ्या. नुसती नावं घातली की पुढे सह्यांसाठी त्यांच्या मागे फिरावं लागतं. विश्वस्त बदलले की बदल अर्ज वेळेत भरा, आणि हिशेबांचं लेखापरीक्षण दरवर्षी करून घ्या. या दोन गोष्टी राहिल्या की चांगली चाललेली मंडळंही कागदावर अडकतात.

६. खर्च कशाचा येतो आणि पैसे कुठून आणायचे?

मातीवरच्या कबड्डीला फक्की, पाणी मारायला पाइप, शिट्टी आणि प्रथमोपचाराची पेटी लागते. खरा खर्च तीन गोष्टींचा असतो: प्रशिक्षकाचं मानधन, खाणं आणि स्पर्धेला जाण्याचा प्रवास. मॅटची घाई नको. एक मीटरचे चौकोनी तुकडे धरले तर पुरुषांच्या मैदानाला १३० तुकडे लागतात, ते ठेवायला कोरडी खोली लागते आणि वर मुलांना बूट घ्यावे लागतात. मात्र मोठ्या स्पर्धा आता मॅटवरच होतात. म्हणून स्पर्धेच्या आधी दुसऱ्या एखाद्या मंडळाच्या मॅटवर सराव मागून घ्या.

पैसे आधी वस्तीतून उभे करा. किराणावाले, दूधवाले, रिक्षा संघटना, गणेशोत्सव मंडळ. रक्कम लहान असते, पण ती देणारा माणूस पुढे मैदानाची काळजीही घेतो.

कंपन्यांचा सामाजिक जबाबदारी निधी, म्हणजे सीएसआर, मिळू शकतो. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार ५०० कोटी नक्त मूल्य, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यांपैकी एखादा निकष पूर्ण करणाऱ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करायची असते. त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळ, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे. त्यातला ‘प्रशिक्षण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसत्या चषक स्पर्धेचा प्रस्ताव टिकत नाही, वर्षभराच्या प्रशिक्षणाचा टिकतो. त्यासाठी संस्थेकडे आयकराच्या १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नोंदण्या हव्यात, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा अर्ज भरलेला हवा.

७. मुलांकडून फी घ्यावी का?

घ्यायची असेल तर नाममात्र घ्या, आणि न देणाऱ्याचं नाव कधीही सगळ्यांसमोर वाचू नका. ज्या घरात मजुरी रोजच्या रोज येते, तिथे महिन्याची फी एकदम मागितली की मूल लाजेने यायचं बंद होतं आणि कारण सांगत नाही. आम्ही फीऐवजी काम मागतो. मैदान झाडणं, फक्की मारणं, छोट्यांना सराव देणं ही कामं मोठ्या मुलांनी आळीपाळीने करावीत.

८. प्रशिक्षक कुठून आणायचा?

शक्यतो वस्तीतूनच. बाहेरचा प्रशिक्षक कितीही चांगला असला तरी पावसात, लोकल बंद असताना, सणाच्या आदल्या दिवशी तो पोहोचू शकत नाही. वस्तीतला जुना खेळाडू पोहोचतो. त्याला आधी इतर मंडळांत बसून शिकू द्या. नंतर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करता येतो. बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, झालेली स्थानिक मुलं-मुलीही असतात, त्यांना विचारा.

मानधन थोडं असलं तरी ठरलेलं आणि वेळेवर द्या. ‘सेवा म्हणून’ चालणारं काम पहिल्या नोकरीबरोबर संपतं, आणि त्यात त्या मुलाचा काही दोष नसतो. नेमण्यापूर्वी पोलीस पडताळणी लागते, त्याबद्दल प्रश्न १२ पाहा.

९. मुलं उपाशीपोटी सरावाला येतात. काय द्यावं?

हे विचारून घ्यावं लागतं, मुलं आपणहून सांगत नाहीत. शाळेतल्या खिचडीनंतर रात्रीपर्यंत काहीच नाही, अशी मुलं बरीच असतात. सरावानंतर केळं, उकडलेले चणे, गूळ-शेंगदाणे, मोड आलेल्या कडधान्याची उसळ यांपैकी काहीतरी सगळ्यांना द्या. ‘गरजू’ मुलांना वेगळं काढू नका. उसळीचं काम वस्तीतल्या बचत गटाला दिलं तर आया मैदानाशी जोडल्या जातात. पिण्याच्या पाण्याची सोय आधी करा. उन्हाळ्यात पाणी नसेल तर त्या दिवशी सराव घेऊ नका.

१०. सरावाची वेळ कशी ठरवावी?

वस्तीत नळाला पाणी येण्याची वेळ आधी विचारा. पाणी भरायचं काम बहुतेक घरांत मुलींकडे असतं. पाणी साडेपाचला येत असेल आणि सराव पाचला असेल, तर तुमच्याकडे मुली दिसणार नाहीत आणि ‘मुलींना आवड नाही’ असा चुकीचा अर्थ काढला जाईल. त्यानंतर शाळेची पाळी बघा. सकाळ आणि दुपार अशा दोन पाळ्यांत शाळा भरत असेल तर सरावाचेही दोन गट करावे लागतात. शिकवणी, मदरसा, आईबरोबर घरकामाला जाण्याची वेळ, हे सगळं एका कागदावर मांडा.

वेळ ठरली की ती बदलू नका. मुलं चार असोत की चाळीस, ठरलेल्या वेळी मैदान उघडलंच पाहिजे. ज्या पोराच्या घरी कशाचीच वेळ ठरलेली नाही, त्याला ही एक ठरलेली वेळ मिळायला हवी. मंडळ चांगलं चालतं की नाही हे आम्ही यावरून ठरवतो. कपाटातल्या चषकांवरून ते कळत नाही.

११. मुली येत नाहीत, आल्या तरी सातवी-आठवीनंतर बंद होतात. काय करावं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. कारण जवळजवळ नेहमी व्यवहारातलं असतं.

पहिली गोष्ट संडासाची. जवळ स्वच्छ, आतून कडी लागणारा संडास नसेल तर पाळी सुरू झालेली मुलगी दोन तास मैदानावर थांबू शकत नाही. शाळेचं पटांगण याच कारणासाठी उघड्या मैदानापेक्षा बरं पडतं. सॅनिटरी पॅडची पेटी बाई प्रशिक्षकाकडे, म्हणजे ताईंकडे असू द्या आणि ती कुठे आहे हे प्रत्येक मुलीला माहीत असू द्या.

दुसरी गोष्ट बघ्यांची. कठड्यावर बसून शेरे मारणारी मुलं असतील तर मुली दुसऱ्या दिवशी येत नाहीत. त्यांना हाकलून भागत नाही, ती गल्लीत परत भेटतात. त्यांच्यातल्या दोघा-तिघांना गुण लिहायला, पंचगिरी करायला, मैदान आखायला बोलवा. नियम मात्र एकच ठेवा: मुलींच्या सरावाच्या वेळी मैदानावर फक्त काम असलेली माणसं थांबतील.

तिसरी गोष्ट कपड्यांची. हाफ पँटचा हट्ट धरू नका. ट्रॅक पँट, लेगिंग, ओढणी घट्ट बांधून, हिजाब घालून, मुलगी ज्या कपड्यांत येते त्यांत तिला खेळू द्या. फक्त सेफ्टी पिना आणि टोचणाऱ्या वस्तू काढायला सांगा. मुंब्र्यात ‘परचम’ या गटाने मुस्लिम आणि हिंदू मुलींना एकत्र फुटबॉल खेळवला आणि मुलींसाठी मैदानावर हक्काची वेळ मागितली. ते काम मुंबईतल्या कोणत्याही वस्तीतल्या कार्यकर्त्याने जाऊन बघावं असं आहे.

चौथी गोष्ट घराची. आईला भेटायला ताईंनीच जावं, तेही दुपारी, आई कामावरून आल्यावर. मुलगी किती छान खेळते हे सांगण्याआधी तिला घरी कोण सोडणार ते सांगा. मुलींना गटाने परत पाठवा आणि शेवटच्या मुलीच्या दारापर्यंत कोणीतरी मोठं माणूस जाऊ द्या. बापाचा विरोध असेल तर एकदा सामना बघायला बोलवा. आपल्या मुलीसाठी टाळ्या वाजताना बघून अनेक बाप बदललेले आम्ही पाहिले आहेत.

आठवीनंतर मुली गळतात त्यामागे अनेकदा धाकट्या भावंडांची जबाबदारी असते. भावंडांना घेऊन यायची परवानगी द्या आणि मैदानाच्या कडेला सतरंजी घाला. लग्नाची बोलणी चालल्याचं कळलं आणि मुलगी अठराच्या आतली असेल, तर तो खेळाचा प्रश्न राहत नाही. १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर कळवा.

१२. मुलांच्या सुरक्षेसाठी कायद्याने काय बंधनकारक आहे?

लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणारा २०१२चा कायदा, म्हणजे पॉक्सो, अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला लागू आहे. त्याचे २०२०चे नियम सांगतात की मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या संस्थांनी प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी आणि पूर्वचारित्र्य तपासणी ठराविक काळाने करून घ्यावी. या नियमात क्रीडा अकादमींचा उल्लेख नावाने आहे. ‘आमचा गल्लीतलाच पोरगा आहे’ हे कारण त्याला चालत नाही.

अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली तर पोलिसांना कळवणं कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल संस्थाप्रमुखाने कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत. प्रकरण मंडळात मिटवण्याचा अधिकार कोणालाही नाही, मंडळाच्या अध्यक्षालाही नाही. मुलाची ओळख उघड करणंही गुन्हा आहे, त्यामुळे व्हॉट्सअॅप गटावर त्याबद्दल एक शब्दही नको.

रोजच्या वागण्याचे नियम भिंतीवर लिहून लावा. कोणताही मोठा माणूस एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटा थांबणार नाही. मुलींच्या गटाबरोबर बाहेरगावी जाताना बाई प्रशिक्षक असेल. मालिश, वजन मोजणं, पट्टी बांधणं उघड्यावर आणि दुसऱ्या मोठ्या माणसासमोर होईल. कबड्डीत पकड शिकवताना अंगाला हात लागतोच, म्हणून कुठे आणि का धरणार ते आधी सांगून, शक्यतो दोन मुलांनाच एकमेकांवर प्रात्यक्षिक करायला लावून शिकवा. शिक्षा म्हणून मारणं, उन्हात उभं करणं, कपडे काढायला लावणं पूर्ण बंद.

१३. एखादं मूल घरी मार बसतो असं सांगतं. लगेच पोलिसांकडे जायचं का?

ऐकून घ्या, ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, आणि त्याच रात्री आईबापाला जाब विचारायला जाऊ नका. त्याचा राग पोरावरच निघतो. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी चोवीस तास चालते, तिथे बोलून पुढचं पाऊल ठरवा. जीवाला धोका दिसत असेल तर पोलीस लगेच. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर प्रश्न १२ मधला नियम लागू होतो, तिथे थांबण्याची मुभा नाही.

१४. शाळा सोडलेल्या मुलाला खेळू द्यावं का?

याबद्दल दोन मतं आहेत. कुलाब्याच्या आंबेडकर नगरमध्ये अशोक राठोड यांनी २००६मध्ये सुरू केलेल्या ‘ऑस्कर’ या संस्थेने शाळा नाही तर फुटबॉल नाही असा नियम ठेवला आणि त्यातून अनेक मुलं वर्गात टिकली. ज्या वस्तीत मुलं शाळेत नावाला आहेत आणि सहज गळतात, तिथे हा नियम उपयोगी आहे.

आमच्याकडे काही मुलं कचरा वेचतात, काही जरीकामाच्या खोलीत बसतात. त्यांना मैदान बंद केलं तर मोठ्या माणसांशी उरलेला त्यांचा एकमेव चांगला संबंध तुटेल. म्हणून आम्ही दार उघडं ठेवतो, आणि जूनमध्ये त्या मुलाला हाताला धरून शाळेत नेतो. शिक्षणहक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, दाखला नाही म्हणून अडवता येत नाही. एवढं मात्र त्या मुलाला सांगा की १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या शालेय क्रीडा स्पर्धा शाळेमार्फतच खेळता येतात.

१५. मुलगा ‘सोल्युशन’ (चिकटवायचा द्रव) नशेसाठी हुंगून मैदानावर येतो. त्याला काढून टाकावं का?

नशेत असलेल्या मुलाला त्या दिवशी खेळवू नका, तो स्वतःला आणि दुसऱ्याला इजा करेल. कडेला बसवा, पाणी द्या, घरी पोचवा. शुद्ध हरपत असेल किंवा श्वास अडकत असेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. दुसऱ्या दिवशी त्याने शुद्धीत यावं, बस, एवढीच अट. कायमचं काढलं तर तो पुलाखालच्या टोळक्यात जाईल, जिथे त्याला कोणी अट घालत नाही. पालिका आणि सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात उपचार होतात, पहिल्या वेळी तुम्ही सोबत जा.

१६. दुखापत झाली तर जबाबदारी कोणाची?

प्रवेशाच्या वेळी पालकांची लेखी संमती, रक्तगट, जुने आजार आणि दोन फोन क्रमांक घ्या. संमतीपत्रामुळे निष्काळजीपणा माफ होत नाही, हे लक्षात ठेवा. रोज सरावापूर्वी काचा, खिळे, दगड वेचा. मुरगळल्यास बर्फ आणि विश्रांती, चोळायचं नाही. डोक्याला मार लागल्यावर उलटी, गुंगी, बोलण्यात गोंधळ दिसला तर लगेच रुग्णालय. मूल ‘बरं वाटतंय’ म्हणालं तरी त्या दिवशी परत मैदानात नाही. सामूहिक अपघात विमा वर्षातून एकदा काढता येतो, देणगीदाराला हाच खर्च उचलायला सांगा.

१७. मुलाकडे जन्मदाखला नाही. स्पर्धेत कसं उतरवायचं?

स्पर्धेच्या आठवड्यात हे काम होत नाही, प्रवेशाच्या वेळीच सुरू करा. रुग्णालयात जन्म झाला असेल तर त्या विभाग कार्यालयात नोंद असण्याची शक्यता आहे. नोंदच नसेल तर उशिरा नोंदीची प्रक्रिया लांबते. शाळेचा बोनाफाइड आणि आधार सोबत ठेवा, पण दोन्हींवरची तारीख एक आहे ना ते बघा. अनेकदा शाळेत घालताना अंदाजाने तारीख लिहिलेली असते.

वय कमी लावून खेळवायचा मोह टाळा. वयचोरीविरोधात केंद्राची आचारसंहिता आहे, वैद्यकीय चाचणीत ती पकडली जाते आणि बंदी त्या मुलावर येते. शिवाय ज्या लहान मुलाची जागा गेली, तोही तुमच्यासारख्याच एखाद्या वस्तीतला असतो.

१८. खेळाचे गुण आणि नोकरीतलं आरक्षण आमच्या मुलांना मिळेल का?

मिळू शकतं, पण फक्त मान्यताप्राप्त स्पर्धांवर. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. गल्लीतल्या किंवा एखाद्या नेत्याच्या नावाच्या चषकाचं प्रमाणपत्र त्याला चालत नाही. शालेय स्पर्धा, आणि मान्यताप्राप्त संघटनेच्या ठरावीक पातळीच्या स्पर्धा लागतात. नोकरीसाठी ते प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावं लागतं. कोणी पैसे घेऊन प्रमाणपत्र देतो म्हणाला तर त्या वाटेला जाऊ नका, खोट्या प्रमाणपत्रावर लागलेल्या नोकऱ्या गेलेल्या आहेत.

म्हणून मंडळाची नोंद जिल्हा संघटनेकडे करा. मुंबईत कबड्डीसाठी शहर आणि उपनगर अशा दोन वेगळ्या जिल्हा संघटना आहेत. गटांची वय-वजनाची मर्यादा दर हंगामाच्या परिपत्रकात बघा. मुलांची प्रमाणपत्रं मंडळातही एका फाइलमध्ये ठेवा, कारण पावसाळ्यात घरात पाणी शिरलं की सगळ्यात आधी कागद जातात.

१९. नगरसेवक टी-शर्ट देतात, पण त्यावर त्यांचा फोटो असतो. घ्यावेत का?

मदत घ्या, मुलांच्या छातीवर फोटो नको. फलकावर नाव लावता येतं, स्पर्धेत आभार मानता येतात. एका पक्षाचा शिक्का बसला की निम्मी वस्ती आपली मुलं पाठवत नाही आणि निवडणुकीत निकाल फिरला की पटांगणाची परवानगीही अडते. टी-शर्टपेक्षा कायम राहणारं काम मागा: दिवे, संडास, पाण्याची टाकी, कुंपण. आमदार निधीतून होणारी कामं सार्वजनिक जागेवर होतात आणि तुमचं मंडळ उद्या बंद पडलं तरी मुलांकडे राहतात.

२०. रात्री प्रकाशझोतात स्पर्धा घ्यायची आहे. कोणत्या परवानग्या?

पोलीस ठाणं, महापालिकेचं विभाग कार्यालय आणि मंडप असेल तर अग्निशमन दल. वीज रस्त्यावरच्या खांबावरून ओढू नका, तात्पुरती जोडणी घ्या. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, हा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम आहे. अंतिम सामना साडेआठला सुरू होईल असं वेळापत्रक करा. मुलींचे आणि लहानांचे सामने दुपारीच उरका.

२१. दोन गल्ल्यांतलं, दोन धर्मांतलं भांडण मैदानावर येतं. संघ वेगळे करावेत का?

गल्लीवार संघ करू नका. दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून संघ बदला, म्हणजे आजचा विरोधी चढाईपटू पुढच्या महिन्यात आपला असतो. बाहेर दंगलीसारखं वातावरण असेल तर त्या दिवशी सराव बंद ठेवा आणि प्रत्येक पालकाला फोन करा. वातावरण निवळल्यावर पहिल्या दिवशी मैदान उघडायचंच, मुलं दोन आली तरी. रमजानमध्ये वेळ इफ्तारनंतर किंवा सकाळी ठेवा, आणि आंबेडकर जयंती, गणपती, मोहरम यांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच वेळापत्रकात लिहा.

२२. आमचा चांगला खेळाडू मोठ्या क्लबने नेला. करार करून थांबवता येईल का?

थांबवू नका. मूल पुढे जावं म्हणूनच हे चाललं आहे. क्लब राहायची-खायची सोय काय करतो, शाळा सुटणार का, देखरेख कोण करणार, हे पालकांबरोबर जाऊन बघा. सदस्यत्व बदलायचे संघटनेचे नियम वेळेत पाळा, नाहीतर त्याचा एक हंगाम वाया जातो.

२३. आमची वस्ती पुनर्विकासात गेली, मुलं वेगवेगळ्या ठिकाणी विखुरली. मंडळ बंद करायचं का?

मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड, गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड, चेंबूरचा वाशी नाका, माहुल. मुंबईतले प्रकल्पग्रस्त अशा वसाहतींत गेले, तिथे इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की मधली जागा गाड्या आणि कचऱ्यात संपते. त्यामुळे स्थलांतराच्या आधी तीन कामं करा. कोणतं कुटुंब कुठे जातंय आणि त्यांचा फोन कोणता, याची यादी. नव्या इमारतीच्या मंजूर नकाशाची प्रत, ज्यात मनोरंजनासाठीची मोकळी जागा कुठे दाखवली आहे ते कळतं. आणि होऊ घातलेल्या सोसायटीच्या समितीत मंडळातलं एक तरी माणूस, शक्यतो बाई.

मुलं दोन-तीन ठिकाणी विभागली असतील तर जिथे जास्त मुलं आहेत तिथे रोजचा सराव सुरू करा आणि रविवारी सगळ्यांना जुन्या शाळेच्या पटांगणावर बोलवा. बसचे पैसे मंडळाच्या खर्चात धरा. नव्या जागेत शेजारी अनोळखी असतात, मुलींना घराबाहेर सोडायला पालक पुन्हा घाबरतात, म्हणून प्रश्न ११ मधली कामं पहिल्यापासून करावी लागतील. नव्या पत्त्याचा बदल धर्मादाय कार्यालयात आणि जिल्हा संघटनेकडे कळवा. तिथल्या महापालिका शाळेला अर्ज राहायला जाण्याच्या महिन्यातच द्या (प्रश्न ३), कारण पहिल्या काही आठवड्यांत मोकळी दिसणारी जागा पुढे गाड्यांनी भरते.